राइल्स ट्यूब सारखी चोकअप होतेय? नवी नळी घालण्याआधी आदली रात्र तपासा

"सिस्टर, नळी परत चोकअप झाली."

सकाळी साडेआठ-नऊला फोन वाजला की पलीकडून बहुतेक हेच ऐकू येतं. वीस वर्षं वॉर्डात काढली, आता घरी असलेल्या पेशंटांकडे जाते. नाकातली नळी, लघवीची नळी, पाठीवरच्या जखमा, हे माझं रोजचं काम. त्यात सगळ्यात जास्त फेऱ्या होतात त्या तुंबलेल्या राइल्स ट्यूबपायी, म्हणजे नाकातून पोटात जाणाऱ्या, दूध-औषध द्यायच्या नळीपायी. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा तुंबली तर त्यात विशेष काही नाही. पण काही घरांत ती दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी तुंबते. जुनी काढायची, नवी घालायची, पेशंटच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी, नाकाची आतली कातडी सोललेली, आणि चौथ्या दिवशी पुन्हा तोच फोन.

अशा वेळी दोष एक तर नळीच्या कंपनीवर जातो, नाहीतर नळीतून दिलेल्या नाचणीवर. मी बघत आले ते वेगळंच. नळी तुंबलेली सापडते एका फीडला, म्हणजे नळीतून खाणं देण्याच्या एका वेळेला, पण तुंबण्याचं काम त्याच्या आधीच्या तासांत उरकलेलं असतं. म्हणून सकाळच्या दुधाकडे बोट दाखवून उपयोग नाही. हे घरच्यांसाठी लिहितेय, आणि नव्याने वॉर्डात लागलेल्या मुलींसाठीही, कारण तिथेही आरटी, म्हणजे हीच राइल्स ट्यूब, ब्लॉक झाली की पहिला हात नव्या नळीच्या पाकिटाकडेच जातो.

आधी बघा, खरंच तुंबलीय का

सिरिंज लावली आणि दूध उतरलं नाही, म्हणजे नळी चोकअपच असं नसतं.

पहिल्यांदा नाकापाशी बघा. नळी घातली त्या दिवशी नाकपुडीच्या कडेला पेनने खूण केलेली असते, निदान असायला हवी. बऱ्याच राइल्स ट्यूबवर टोकापासून ५०, ६० आणि ७० सेंटिमीटरवर रेघा छापलेल्या असतात, त्यावरून कितवर बसवलीय ते सांगता येतं. ज्याचं त्याचं माप वेगळं. नाकाचं टोक, तिथून कानाची पाळी, तिथून छातीच्या हाडाचं खालचं टोक, असं मोजून ते काढतात. तो आकडा डिस्चार्ज कार्डावर लिहून मागा. खूण आधीपेक्षा बाहेर आलेली दिसली तर पुढचं सगळं थांबवा. हललेल्या नळीतून पाण्याचा घोटही द्यायचा नाही. टोक वर अन्ननलिकेत सरकलेलं असू शकतं, आणि तिथून घातलेलं पाणी उलटून थेट फुप्फुसात जातं.

मग टॉर्च घेऊन तोंडात बघा. खोकल्याच्या नाहीतर उलटीच्या उबळीत नळी घशात वेटोळं घालून बसते आणि बाहेरून काहीच कळत नाही. त्यानंतर चिकटपट्टी. कानामागे दुमडलेली, उशीखाली दाबलेली, बंडीच्या बटणात अडकलेली नळी मी इतक्यांदा सरळ करून परत आलेय की फेरीचे पैसे घ्यायची लाज वाटावी.

आणखी एक फसवा प्रकार आहे. पाणी आत जातं, पण ओढलं तर काहीच येत नाही. ही नळी तुंबलेली नाही. राइल्स ट्यूबला टोकाजवळ बाजूने भोकं असतात. सिरिंजने जोरात ओढलं की जठराचं आतलं अस्तर त्या भोकांना चिकटतं. किंवा टोक पोटातल्या पाण्याच्या वर राहिलेलं असतं. पेशंटला डाव्या कुशीवर वळवा, पंधरावीस मिनिटं थांबा, मग हलक्या हाताने ओढा.

हे बघत असताना पेशंटला धाप लागलेली असेल, खोकला थांबत नसेल, आवाज बदललेला असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर नळीचं निदान करत बसू नका, दवाखाना गाठा. ओढल्यावर कॉफीच्या चोथ्यासारखं तपकिरी काळं आलं तरीही तेच, कारण ते बहुधा पोटातलं जुनं रक्त असतं.

जागा तपासायची म्हणून पोटावर स्टेथोस्कोप ठेवून हवेचा 'फुस्स' आवाज ऐकायची पद्धत आमच्या पिढीला तोंडपाठ. मीही कित्येक वर्षं तेच केलं. पण फुप्फुसात गेलेल्या नळीचा आवाजसुद्धा पोटावर तसाच ऐकू येऊ शकतो. ब्रिटनच्या राष्ट्रीय रुग्णसुरक्षा संस्थेने २००५ मध्येच या आवाजावर विसंबू नका असं बजावलं होतं. नळीचं बाहेरचं टोक पाण्याच्या वाटीत बुडवून बुडबुडे बघायचा प्रकारही तितकाच बेभरवशाचा. नळी नव्याने घातल्यावर शंका असेल तर एक्स-रे, आणि रोजच्यासाठी ओढलेल्या पाण्याचा पीएच, म्हणजे आंबटपणाचा आकडा, जितका कमी तितकं आंबट. पट्टीवर ५.५ किंवा त्याहून कमी आला तर टोक पोटात आहे असं धरतात. फीड झाल्यावर लगेच बघू नका, तासभर जाऊ द्या. आणि पेशंटला ॲसिडिटीची गोळी चालू असेल तर आकडा वर चढतो, ते ध्यानात ठेवून वाचायचा. निळा-लाल लिटमस इथे पुरत नाही, त्याने आकडा कळत नाही.

तुंबली असेल तर

नळी जागेवर आहे, दुमडलेली नाही, तरीही पुढे जात नाही. आता हवी ५० मिलीची फीडिंग सिरिंज. औषधं मोजायची ५ किंवा १० मिलीची नको. लहान सिरिंजने दाब जास्त पडतो, आणि मऊ नळी आत कुठेतरी फाटू शकते. हे लोकांना उलटं वाटतं. छोटी सिरिंज म्हणजे हलका दाब, असा समज असतो.

आधी ओढून बघा, नळीत असेल ते बाहेर काढा. मग कोमट पाणी भरा. कोमट म्हणजे मनगटावर सहन होईल इतकंच. दट्ट्या थोडा आत, थोडा मागे, थोडा आत, थोडा मागे. जोर नाही लावायचा, हेलकावे द्यायचे. नाही गेलं तर पाणी नळीतच ठेवून टोक बंद करा, पंधरावीस मिनिटं जाऊ द्या, पुन्हा हेलकावे. माझ्या हातच्या निम्म्याहून जास्त नळ्या या दुसऱ्या खेपेला सुटतात. पहिल्या पाच मिनिटांत हात टेकणाऱ्यांना हे कधी कळत नाही.

तार, सुई, गाईड वायर नळीत घालायची नाही. नळीसोबत आलेली तारसुद्धा एकदा काढली की परत आत सारायची नाही. ती बाजूच्या भोकातून बाहेर पडून अस्तर फाडू शकते.

आणि कोल्ड्रिंक. हा उपाय इतका पसरलाय की त्यावर थोडं थांबते. दुधातलं केसीन नावाचं प्रथिन पीएच ४.६ च्या आसपास आलं की गोळा होतं. दुधात लिंबू पिळून आपण पनीर करतो ते हेच. कोला त्याहून कितीतरी आंबट, त्याचा पीएच अडीचच्या आसपास. म्हणजे दुधाने तुंबलेल्या नळीत कोला घालणं म्हणजे उरल्यासुरल्या दुधाचंही पनीर करणं. कोमट पाण्यापेक्षा कोला चांगला, असं तपासण्यांतून दिसलेलं नाही. कधी सुटतेही नळी. पण पाण्याने तीच सुटली असती.

हॉस्पिटलात यापुढची पायरी म्हणून स्वादुपिंडाचं एन्झाइम खाण्याच्या सोड्यात, म्हणजे सोडियम बायकार्बोनेटमध्ये विरघळवून नळीत ठेवतात. प्रथिनाच्या गोळ्यावर ते काम करतं. घरी करून बघू नका. दुकानात मिळणाऱ्या त्या कॅप्सूलमधले दाणे स्वतःच आवरण घातलेले असतात, ते न विरघळता गेले तर आणखी एक बूच बसेल.

दोन खेपा झाल्या, नळी सुटत नाही, तर बदला. पण बदलणाऱ्या माणसाला 'का तुंबली' हे सांगता आलं पाहिजे. एवढं नसेल तर नवी नळीही त्याच वाटेने जाणार.

बारा दिवसांत तीन नळ्या

एक घर सांगते, ओळखीच्या खुणा बदलून. आजोबा, पक्षाघातानंतर गिळता येत नाही म्हणून नळी. घरात आजी, सून, आणि दिवस-रात्रीसाठी ब्युरोतून आलेल्या मावशी. बारा दिवसांत तीन नळ्या. सूनबाईंनी नाचणी बंद करून डब्यातली तयार पावडर सुरू केली होती, तरी चौथी नळीही जड चालायला लागली होती.

मी वही मागितली. "वही नाही, सिस्टर. सगळं लक्षात असतं आमच्या." लक्षात होतंही, पण 'काय दिलं' ते. 'किती वाजता' आणि 'नंतर पाणी किती' हे कुणाच्याच लक्षात नव्हतं. मग तीन दिवस फ्रिजवर कागद लावला. वेळ, काय दिलं, आधी पाणी, नंतर पाणी, कुणी दिलं, नळी सहज गेली की जड. इतकंच.

तिसऱ्या दिवशी कागद बोलायला लागला. नळी जड झाल्याची प्रत्येक नोंद सकाळी साडेसहा ते साडेआठच्या मधली. दुपारी, संध्याकाळी सगळं सुरळीत. आणि रात्री दहाच्या दुधापुढे 'नंतर पाणी'च्या रकान्यात तिन्ही दिवस रेघ.

मावशींना विचारलं. त्या आधी बोलेनात. मग आजीच म्हणाल्या, "मीच सांगितलं तिला. रात्री पाणी घातलं की पहाटेपर्यंत दोन डायपर बदलावे लागतात. हे जागे होतात, सगळं घर जागं होतं."

चूक म्हणावी तर चूक, पण त्या घरात झोपेची किंमत काय होती ते मी बघत होते. रात्री दहाचं दूध नळीत तसंच राहायचं. आठ तास. नळीचा आतला भाग शरीराच्या उबेत. खालच्या टोकातून पोटातलं आम्ल चढायचं, आणि त्या आम्लाचा पीएच केसीन फाटण्याच्या आकड्याहून बराच खाली. सकाळपर्यंत नळीच्या खालच्या भागात साय धरल्यासारखा थर. नळी बंद मात्र झालेली नाही अजून, अरुंद झालीय फक्त.

मग साडेसहाला मावशी उठून उपाशीपोटीची ॲसिडिटीची गोळी द्यायच्या. पँटोप्राझोल, खलबत्त्यात कुटून, १० मिली पाण्यात. "उपाशीपोटी द्यायचीय म्हणून पाणी कमी घातलं." या गोळीवर एक आवरण असतं, ते पोटात विरघळूच नये म्हणून बनवलेलं. कुटलं तरी त्याचे पापुद्रे राहतात. ते पापुद्रे जाऊन त्या रात्रीच्या थरावर बसायचे. साडेआठचं दूध आलं की बूच पक्कं.

म्हणजे रात्रीने नळी अरुंद केली, गोळीने बंद केली, आणि नाव साडेआठच्या फीडचं झालं. नाचणी बिचारी दोन आठवडे उगाच बाहेर बसली.

काय बदललं ते सांगते. रात्रीचं शेवटचं दूध दहावरून नऊला आणलं, आणि त्यामागून ३० मिली पाणी, न चुकता. डायपरचा हिशेब जुळवायला संध्याकाळी साताच्या नारळपाण्यातून तेवढंच कमी केलं, डॉक्टरांना विचारून. आवरणाची गोळी डॉक्टरांनी बदलून पाण्यात विरघळणारी दिली. पहाटे गोळीआधी १५ मिली कोमट पाणी सोडून नळी मोकळी असल्याची खात्री, मग गोळी, मग पुन्हा ३० मिली. ती चौथी नळी बदलायच्या तारखेपर्यंत टिकली.

गोळ्यांचं

दुधापेक्षा गोळ्यांनी तुंबणाऱ्या नळ्या मी जास्त पाहिल्या आहेत, आणि गोळ्यांच्या बाबतीत तुंबणं हा धोक्याचा लहान भाग आहे. पाकिटावर एसआर, एक्सआर, सीआर, रिटार्ड असं काही लिहिलेलं असेल तर ती कुटायचीच नाही. बारा किंवा चोवीस तासांत हळूहळू सुटायचं औषध कुटलं की एकदम सुटतं. रक्तदाबाची अशी गोळी कुटून दिल्यावर बीपी धाडकन खाली गेलेला पेशंट एकदा बघितला की पुन्हा खलबत्ता उचलताना हात थबकतो. आवरणाची गोळी कुटली तर उलटा तोटा. पँटोप्राझोलसारखं औषध पोटातल्या आम्लातच नासतं, म्हणजे नळीही तुंबली आणि गुणही नाही. ॲस्पिरिन आवरणाची असेल तर तिची विरघळणारी जात मिळते, ती लिहून मागा. दाणे असलेली कॅप्सूल फोडून दाणे नळीत सोडायचे नाहीत, चिकटून बसतात.

साध्या गोळीला खलबत्ता लागतोच असं नाही. बऱ्याच गोळ्या वाटीत थोड्या पाण्यात टाकून दहा मिनिटं ठेवल्या की आपोआप विरतात. एका वेळी एकच औषध, मध्ये १०-१५ मिली पाणी, शेवटी ३०. पाच गोळ्या एकत्र कुटून दिल्या की वेळ वाचतो खरा, पण त्यांचं आपापसात काय होतं ते कुणालाच सांगता येत नाही. आणि औषध फीडमध्ये मिसळायचं नाही. फीड अर्धं राहिलं तर डोसही अर्धाच गेला.

सिरप म्हणजे निर्धोक, हाही गैरसमज. पोटॅशियम क्लोराइडचं सिरप, लोहाची औषधं, काही खोकल्याची औषधं आंबट असतात. दुधाच्या मागोमाग घातली की नळीतच दूध फाटतं. आधी पाणी, मग सिरप पातळ करून, मग पुन्हा पाणी. अँटासिडचं घट्ट जेलही पातळ केल्याशिवाय नको. पोटातल्या अल्सरसाठीचं सुक्राल्फेट फीडसोबत दिलं तर प्रथिनाला धरून गोळा बनतो, नळीत किंवा अन्ननलिकेतही. फिटसाठी फेनिटॉइन चालू असेल तर फीड आणि औषध यांत एक-दोन तासांचं अंतर ठेवायला सांगतात. त्याचं कारण तुंबणं नाही. फीडसोबत ते अंगी कमी लागतं आणि फिट येऊ शकते.

पाण्याच्या हिशेबाबद्दल एक गोष्ट इथेच. दिवसाला सहा फीड, प्रत्येकाच्या आधी ३० आणि नंतर ३०, म्हणजे ३६० मिली नुसतं नळी धुवायला. औषधांचं वेगळं. हृदय किंवा किडनीच्या पेशंटला पाण्याची मर्यादा घातलेली असते, सोडियम कमी असलेल्यांना जास्त पाणी चालत नाही. तेव्हा हा आकडा डॉक्टरांसमोर ठेवा आणि तो धरून फीडचं प्रमाण बसवून घ्या. घरच्या घरी पाणी कापायचं नाही. कापलं जातं ते नेहमी रात्रीचंच.

पोटातलं ओढून बघण्याची खोड

फीडआधी ओढून किती शिल्लक आहे ते बघायला आम्ही शिकवतो. बरोबरच आहे. पण ओढलं म्हणजे आम्ल आणि अर्धवट पचलेलं दूध नळीभर आलं. ते परत ढकलून त्यावर लगेच दूध सोडलं की तेच पनीर. ओढलं की आधी ३० मिली पाणी, मग फीड. दोन्हींच्या मधला हा घोट घरोघरी राहून जातो. वॉर्डातही.

नाचणी, पेज, कढण

आता नाचणीची बाजू. ती निर्दोष आहे असं नाही, ती गरम असताना निर्दोष आहे. भांड्यात पातळ दिसणारं सत्त्व गार होता होता घट्ट होतं, पिठाचा स्वभावच तो. बाई गॅसवरून उतरवते तेव्हाची पातळी बघते, नळीत जातं ते अर्ध्या तासाने. फीड देताना असेल तितकं कोमट झाल्यावर चमच्यातून सोडून बघा. धार पडली पाहिजे, थेंब नव्हे.

आपल्या आज्यांची मोड आणायची पद्धत इथे कामाला येते. नाचणी भिजवून, मोड आणून, सावलीत वाळवून दळली की तिच्यात अमायलेज नावाचं एन्झाइम वाढलेलं असतं. ते शिजताना पिठाच्या लांब साखळ्या तोडतं, म्हणून मोडाच्या नाचणीचं सत्त्व तेवढ्याच पिठात कितीतरी पातळ होतं. म्हणजे पाणी न वाढवता अन्न जास्त जातं. लहान मुलांना आपण हेच देत आलो, फक्त कारण माहीत नव्हतं.

गाळायचं मात्र सगळंच. मुगाचं कढण, वरणाचं पाणी, भाताची पेज, मिक्सरमधून काढलेलं काहीही, बारीक गाळणीतून आणि जमलं तर वर मलमलच्या फडक्यातून. मिक्सर फिरवला म्हणजे टोमॅटोची साल आणि मुगाची फोलपटं गेली असं होत नाही. तयार पावडर कोमट पाण्यात भुरभुरवत ढवळा. कडकडीत पाण्यात टाकली की गुठळ्या होतात, त्या वरून विरल्यासारख्या दिसतात पण आत कोरड्या राहतात. दुधामागून ताक किंवा लिंबाचं सरबत देणार असाल तर मध्ये पाणी आणि जरा वेळ. घरी केलेलं फीड बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. आपल्या एप्रिल-मेमध्ये तर त्याहून आधीच संपवा. नासलेलं फीड नळी तुंबवण्याआधी पोट बिघडवतं.

देताना डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर, आणि दिल्यावरही निदान अर्धा-पाऊण तास तशीच. सिरिंज दट्ट्याविना उघडी धरून फीड आपल्या वजनाने उतरू द्या. २०० मिलीला पंधरावीस मिनिटं लागतात, लागू द्या. उतरत नाही म्हणून दट्ट्या दाबणं हे नळी तुंबत चालल्याचं पहिलं लक्षण झाकणं आहे. रोज पंधराव्या मिनिटाला संपणारं फीड आज अर्धा तास घेतंय, हे ज्याच्या लक्षात येतं त्याची नळी कधी पूर्ण तुंबत नाही.

नळीचाही थोडा दोष

जॉन आल्फ्रेड राइल या लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधल्या डॉक्टरने ही नळी काढली ती १९२१ च्या सुमाराला, आणि तीही खाऊ घालायला नव्हे. पेशंटला ओटची पेज पाजायची आणि दर पंधरा मिनिटांनी पोटातलं थोडं थोडं ओढून आम्ल मोजायचं, यासाठी. म्हणजे पेज तोंडावाटेच जायची, नळी बाहेर काढायला होती. आपण ती उलटी वापरतो.

साध्या राइल्स ट्यूब पीव्हीसीच्या. पोटातल्या आम्लात राहून प्लास्टिकला मऊ ठेवणारा घटक निघून जातो, नळी कडक आणि खरबरीत होते. त्यावर थर लवकर धरतो, नाकाघशालाही टोचते. म्हणून ती साधारण आठवडा-दोन आठवड्यांत बदलतात, तुमच्या दवाखान्याने सांगितलेली तारीख पाळा. पॉलियुरेथेनची नळी महाग पडते, पण ती चार ते सहा आठवडे चालते आणि मऊच राहते. दर वेळची फेरी, नळी, पेशंटचे हाल धरले तर ती महाग राहत नाही, असं मी घरच्यांना सरळ सांगते. फक्त ती बहुतेक वेळा बारीक असते, घरचं फीड तिच्यातून जाईल का ते आधी विचारा. नंबर म्हणजे बाहेरची जाडी, तीन नंबर म्हणजे एक मिलिमीटर. १२ नंबर, पांढऱ्या टोकाची, म्हणजे ४ मिलिमीटर. १६ नंबर, नारिंगी, म्हणजे ५.३. आतली पोकळी याहून कमीच. १२ च्या खाली घरचं कढण पाठवायचा हट्ट करू नका, तिथे तयार फीडच बरं.

चार-सहा आठवड्यांनीही गिळणं सुधारण्याची चिन्हं नसतील तर पोटावरून घालायच्या पेग नळीबद्दल डॉक्टरांशी बोला. पुष्कळ घरं 'पोटाला भोक' या शब्दाला घाबरतात आणि सहा सहा महिने नाकातली नळी ओढत राहतात. १९८० पासून दुर्बिणीतून, पोट न उघडता बसवतात ती. तुंबते तीही, वरचं सगळं तिलाही लागू आहे, पण जाडी जास्त आणि नाक मोकळं.

पोटातलं बाहेर काढण्यासाठी, आतडं अडकलंय म्हणून, पिशवी जोडून ठेवलेली नळी असेल तर हे लिखाण त्यासाठी नाही. तिथे पिशवीत येणं अचानक थांबलं आणि पोट फुगायला लागलं तर घरी पाणी मारत बसू नका. वॉर्डातल्या मुलींना एकच सांगते, दोन पोकळ्यांची नळी असेल तर तिची निळी शेपटी ही हवेसाठी आहे. ती बंद करायची नाही, तिला सक्शन लावायचं नाही, पोटाच्या पातळीपेक्षा वर ठेवायची. ती गळायला लागली की कुणीतरी गाठ मारतंच.

नंतरची एक तुंबणी

त्या आजोबांकडे पुढे सात आठवडे काही फोन नाही. मग दिवाळीत आला. भाऊबीजेला आलेल्या मामांनी 'पोट साफ होत नाही' हे ऐकून, कुणाला न विचारता, चांगल्या मनाने, दोन चमचे इसबगोल पाण्यात कालवून नळीतून दिलं होतं. इसबगोल पाण्यात काय होतं ते वाटीत अर्धा तास ठेवून बघा. नळीत ते टोकापासून नाकापर्यंत फुगलेलं होतं. कोमट पाण्याचा तिथे काही इलाज चालला नाही, नळी बदलावी लागली.

बद्धकोष्ठासाठी डॉक्टरांनी लॅक्ट्युलोज लिहून दिलं, ते सिरप पाण्यात पातळ केलं की जातं. फ्रिजवरचा कागद अजून आहे. तळाशी आजींनी लाल पेनने, त्यांच्या मोठ्या अक्षरात लिहिलंय: पाव्हण्यांनी नळीला हात लावू नये.